प्रवासातला काटा-चमचा: खाऱ्या हवेत टिकेल असा संच कोणता?

सडा_सावली

चौघांसाठी प्रवासात न्यायचा काटा-चमच्यांचा संच घ्यायचा आहे. वापर साधारण असा: आठवड्यातून दोनतीनदा एसटी किंवा कोकण रेल्वे, अधूनमधून दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोट, ऑफिसचा डबा, सुट्टीत समुद्रकाठी जेवण. खाणं म्हणजे पोहे, उसळ, दहीभात, घावणं, फळं, शहाळं.

ऑनलाइन चार प्रकार दिसतात: स्टीलचा घडीचा, बांबूचा, टायटॅनियमचा आणि 'गव्हाच्या काडाचा' म्हणून विकतात तो. चारही 'आयुष्यभर टिकेल' म्हणतात. इथल्या हवेत कुठला टिकतो, आणि संचात नेमकं काय काय हवं?

भांडीआळी

संच घेऊच नका, सुटे चमचे घ्या. पेटीबंद संचात निम्मे पैसे पेटीचे आणि छपाईचे असतात.

आता स्टील. त्याच्या जाती आकड्यांनी ओळखतात. ३०४ म्हणजेच १८/८: सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. १८/१० त्याच घरातलं. १८/० म्हणजे निकेल जवळपास नाहीच, हे ४३० जातीचं. आणि बाजारात सर्वांत जास्त खपतं ते २०० मालिकेतलं, २०१ किंवा २०२. त्यात निकेल वाचवायला मँगनीज घातलेलं असतं. दिसायला चकचकीत, पण खाऱ्या हवेत आणि आंबट खाण्यात त्यावर ठिपके लवकर धरतात.

स्टील गंजत नाही ते वर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो म्हणून. मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर टोकरतं. म्हणून किनाऱ्यावर गंज सरसकट पसरत नाही, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वरून तांबूस ठिपका दिसतो, खाली खड्डा असतो.

लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात. ती परीक्षा अर्धीच खरी. घट्ट चिकटला तर ४३०. चिकटला नाही तर ३०४ असेल किंवा २०२ही असेल, कारण दोन्हीला चुंबक धरत नाही. शिवाय खऱ्या ३०४ चा चमचा दाबून घडवताना मानेशी आणि कडेला किंचित ओढ येते, तेवढ्यावरून तो टाकाऊ ठरवू नका. काही भांडीवाल्यांकडे तपासायचं रसायन असतं: थेंब टाकायचा, ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची, २०० मालिका असेल तर थेंब लाल होतो. दुकानदार करून दाखवायला तयार नसेल तर एकच चमचा घ्या आणि घरी बघा. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, कागदी रुमाल त्यात भिजवून चमच्याभोवती गुंडाळा आणि २४ तास ठेवा. ठिपके आले तर उरलेले तीन दुसरीकडून.

यष्टीने_येतो

+१ सुट्या चमच्यांना. जाडीही बघा. दांड्याची जाडी मानेशी २ मिमीच्या खाली असेल तर घट्ट दहीभातात किंवा शहाळ्याची मलई काढताना चमचा वाकतो. २.५ मिमी असेल तर निर्धास्त. दुकानात चमचा दोन्ही अंगठ्यांनी मानेवर दाबून बघा, दुकानदाराला राग येत नाही.

लांबी १७-१८ सेंमी. याहून लांब डब्याच्या पिशवीत मावत नाही, याहून आखूड असेल तर उभ्या डब्याच्या तळाशी जाताना बोटं उसळीत बुडतात. लहान मुलाला १४ सेंमी पुरे.

गलबत

सगळे स्टील स्टील करताहेत म्हणून टायटॅनियमची बाजू मांडतो. वजन स्टीलच्या जेमतेम ५७ टक्के (घनता ४.५ विरुद्ध ७.९), आणि समुद्राच्या पाण्याचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. खारं पाणी, कोकम, चिंच, काहीही. चव बदलत नाही. गरम रश्श्यात ठेवला तरी तापत नाही. किंमत जास्त आहे, हे मान्य. पण किनाऱ्यासाठी याहून योग्य धातू नाही.

भांडीआळी

@गलबत, गंजाचं १०० टक्के बरोबर. तापण्याचं नाही. शुद्ध टायटॅनियम आणि ३०४ स्टील, दोन्ही उष्णता जवळपास सारख्याच वेगाने वाहून नेतात. टायटॅनियमचा चमचा पातळ आणि हलका असल्याने लवकर निवतो, म्हणून तसं वाटतं.

आणि घ्यायचाच तर एक बघा: बरेच टायटॅनियम चमचे वाळूचा मारा करून खरखरीत केलेले असतात. ओठांना आणि दातांना ते अंगावर काटा आणतं. तोंडात जाणारा भाग पॉलिश केलेला आहे असं लिहिलेलं असेल तरच घ्या. पाठीवर पिशवी घेऊन गडावर जाणाऱ्याला वीसपंचवीस ग्रॅमचा फरक कळतो. एसटीत पिशवी मांडीवरच असते.

माणगा

बांबूला कुणी विचारतच नाही! सिंधुदुर्गात माणगा बांबू दारात उगवतो. एकसंध बांबूचा चमचा हलका, दाताला मऊ, विमानतळावर अडवत नाहीत. अट एकच, वाळवायचा.

खाडीपलीकडे

तां सगळा बरा, पण मिरगापासून नवरात्रापर्यंत वाळवतलास खंय? बांबूक बुरशी येतलीच.

माणगा

येते, पण रोखता येते. नीट सांगतो, कारण बांबू चुकीचा वापरून लोक त्यालाच नावं ठेवतात.

आधी ओळख. 'बांबूचा' म्हणून तीन वस्तू विकतात. पहिली, एका कामटीतून कोरलेला चमचा: कडेला बघितलं तर धागे सलग एका दिशेने जातात. दुसरी, पट्ट्या चिकटवून केलेला: कडेला समांतर रेघा दिसतात. हा गरम पाण्यात वारंवार गेला की जोड सुटतो. तिसरी 'बांबू फायबर': गुळगुळीत, रंगीत, प्लास्टिकसारखी. ती प्लास्टिकच. बांबूची भुकटी मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडमध्ये घालून दाबलेली. गरम आणि आंबट पदार्थात यातून फॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन सुटतं, युरोपात अशा वस्तूंवर कारवाई झाली ती याच कारणाने. गव्हाच्या काडाचंही तसंच, बहुधा पॉलिप्रॉपिलीनमध्ये काडाचा भुसा. वाईटच असं नाही, पण प्लास्टिक टाळायचं म्हणून घेत असाल तर फसवणूक आहे.

पहिल्या प्रकाराची निगा: वापरल्यावर १० मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात ठेवायचा नाही. पुसून उभा ठेवायचा, तोंड वर. पावसाळ्यात चुलीच्या किंवा गॅसच्या शेगडीपासून हातभर लांब, वर टांगून. पंधरवड्यातून एकदा खोबरेल तेलाचे तीनचार थेंब फडक्याने चोळून अर्ध्या तासाने कोरडं पुसायचं. तीळ किंवा शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होऊन खवट वास धरतं. खोबरेल लवकर खवट होत नाही, पण सुकतही नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. करडे-काळे ठिपके दिसले तर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने धाग्याच्या दिशेने घासायचं, मग ४००, मग पाच मिनिटं उकळतं पाणी, दोन दिवस वाळवण, मग तेल. ठिपके आत गेले असतील किंवा टोकाला चीर असेल तर चूल दाखवा.

खाडीपलीकडे

एवढी निगा गायीची करतत. 🙂

माका वाटता बांबू उन्हाळ्यात, स्टील पावसात.

तिसऱ्या_मुळे

घडीच्या चमच्याबद्दल कुणी बोललं नाही. दांडा दुमडतो, ८-९ सेंमीच्या डबीत बसतो, खिशात मावतो. त्यात वाईट काय?

भांडीआळी

बिजागरी. तिथे तीन गोष्टी एकाच ठिकाणी येतात.

एक, फट. फटीत रस्सा शिरतो, मीठ आणि ओल राहते, बाहेरची हवा पोचत नाही. स्टीलवरचा संरक्षक थर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा पुन्हा धरतो. फटीत ऑक्सिजन नाही, मीठ भरपूर. ३०४ ही तिथे हरतं.

दोन, खिळा. चमचा ३०४ चा असला तरी आतली पिन किंवा स्प्रिंग बहुतेक वेळा कडक जातीच्या साध्या स्टीलची असते. ती आधी गंजते आणि तिचा गंज चमच्यावर उतरतो.

तीन, खिटी. घट्ट भात उचलताना खिटी सुटली की चमचा दुमडून भात मांडीवर.

घ्यायचाच असेल तर दांडा सरकून किंवा आट्यांवर फिरवून सुटा होणारा घ्या, दोन्ही तुकडे वेगळे करून धुता येतात. आणि धुतल्यावर जोडून ठेवू नका.

हेच तत्त्व बाकी भपक्यालाही लावा. लाकडी दांडा आणि खिळे असलेला चमचा: लाकूड फुगतं, फट पडते. पोकळ दांड्याचा जाडजूड चमचा: कानाशी हलवून बघा, खुळखुळला तर आत काहीतरी आहे आणि उद्या पाणीही असेल. सोनेरी, काळा, इंद्रधनुषी रंग: चांगल्या मालावर तो निर्वात प्रक्रियेने बसवलेला कठीण थर असतो, स्वस्त मालावर नुसता रंग, आणि तो कडेपासून सुटतो. ओळखायला दांड्याच्या पाठीवर नख मारून पाहा. नखाने निघाला तर विषय संपला.

सडा_सावली

छान माहिती. म्हणजे एकसंध ३०४ चा चमचा ठरलं. आता संचात काय काय घ्यायचं? काटा, सुरी लागतात का?

यष्टीने_येतो

मासे खायला काटा नको. माशात काटे आधीच आहेत आणि ते बोटांनाच कळतात. सुरमईच्या तुकडीला चालेलही एखादवेळ, बांगड्याला नाही.

काटा लागतो तो चिरलेल्या फळांना आणि नूडल्सला. त्यासाठी 'स्पोर्क' म्हणजे टोकाला दाते असलेला चमचा घेऊ नका. दाते असले की रस्सा सांडतो, दाते आखूड असले की नूडल्स सुटतात, आणि लहान मुलाच्या ओठाला लागतात. दोन्ही कामं अर्धवट.

आपल्याकडच्या खाण्याला काट्यापेक्षा वाटी जास्त उपयोगी. १५० मिलीची काठ दुमडलेली स्टीलची वाटी. सोलकढी, रस्सा, दही, सगळं त्यात. पत्रावळीवर किंवा केळीच्या पानावर पातळ पदार्थ आला की तिची किंमत कळते. सिलिकॉनची घडीची वाटी हलकी असते, पण तेलकट रश्श्याचा आणि माशाचा वास तिच्यात मुरतो, साबणाने जात नाही. हळदीचा डाग मात्र दोनतीन दिवस कडक उन्हात ठेवला की फिका पडतो.

तिसऱ्या_मुळे

तिसऱ्यांसाठी (शिंपल्यांसाठी) एक छोटा चमचा टाका, ५ मिलीचा चहाचा. शिंपल्यातला मसाला मोठ्या चमच्याने निघत नाही. मोठा चमचा १० मिलीचा असावा, जेवणाचा म्हणतात तो. १५ मिलीचा वाढायचा असतो, तोंडात मावत नाही.

गलबत

सुरीबद्दल: पाती बहुतेक ४२० जातीच्या स्टीलची असतात, कारण ३०४ ला धार धरत नाही. ४२० मध्ये क्रोमियम कमी, कार्बन जास्त, म्हणून संचात सर्वांत आधी सुरी गंजते. आंबा किंवा अननस कापून तशीच म्यानात घातली की संध्याकाळपर्यंत डाग. लगेच पुसायची, शक्य तर तेलाचं बोट फिरवायचं.

विमानाने जाणार असाल, चिपी असो वा मोपा, सुरी हातातल्या बॅगेत नकोच, चेक-इनमध्ये टाका. काट्याचा निर्णय तपासणीला उभ्या असलेल्याच्या मनावर, म्हणून तोही खालीच. चमच्याला कुणी काही म्हणत नाही.

मीठभाकर

शहाळ्यासाठी स्ट्रॉ? स्टीलची चालेल का?

यष्टीने_येतो

चालेल, पण चालत्या गाडीत नाही. स्टीलची नळी तोंडात आणि एसटी खड्ड्यात, हा हिशेब टाळूला महाग पडतो. उभं राहून, थांबलेल्या जागी. किंवा टोकाला सिलिकॉनची टोपी असलेली घ्या.

माप: आतला व्यास ६ मिमीच्या आसपास, लांबी २१ सेंमी. सरळ घ्या, वाकडी नको, वाकड्या भागात मलईचे कण बसतात आणि आत दिसत नाही. ब्रशशिवाय स्ट्रॉ घेऊच नका. शहाळ्याच्या पाण्यात साखर असते, तासाभरात आत बुळबुळीत थर धरायला सुरुवात होते. प्यायल्यावर लगेच साधं पाणी ओढायचं, घरी साबण लावून ब्रश दोन्ही टोकांनी घालायचा, मग उजेडाकडे धरून आरपार बघायचं.

खरं तर मलई काढायला शहाळेवाला सालीचाच चमचा तासून देतो. तो फुकट आणि मातीत विरघळणारा.

मीठभाकर

बाहेर लाकडी चमचे मिळतात हल्ली, ते का नको?

भांडीआळी

महाराष्ट्रात मार्च २०१८ ची अधिसूचना आली, मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायचे प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ बंद झाले. त्यांची जागा लाकडी चमच्याने घेतली. आइस्क्रीमला ठीक आहे. गरम उसळीत दोन मिनिटांत मऊ होतो, कडेने तंतू सुटतात, जिभेला कोरडा लागतो. शिवाय खोलगट नसतो, त्यामुळे रस्सा ताटातच राहतो.

सडा_सावली

प्रवासात धुण्याचं काय? बोटीवर किंवा गाडीत नळ नसतो.

यष्टीने_येतो

खरकटा चमचा स्वच्छ चमच्यांत मिसळायचा नाही, एवढा नियम पाळला की बाकी सोपं. दोन पिशव्या: एक कापडी, स्वच्छ चमच्यांची, आणि एक छोटी नायलॉनची, खरकट्याची.

खाऊन झालं की लगेच कागदाने पुसा, तेल आणि शितं आधी जायला हवीत. मग बाटलीतलं ५० मिली पाणी दोन हप्त्यांत: अर्ध्यात बोटाने चोळा, अर्ध्यात खळबळा. पुन्हा पुसा, खरकट्याच्या पिशवीत टाका. साबण प्रवासात लावला तर तो काढायला चौपट पाणी लागतं, म्हणून साबण घरी.

समुद्रकाठी जेवलात तर समुद्राच्या पाण्याने धुऊन तसेच ठेवू नका. वाळूने घासणं तर नकोच, वाळू चरे पाडते आणि चऱ्यात मीठ बसतं. नाइलाजाने खारं पाणी वापरलंच तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा.

भांडीआळी

घरी: साधा भांड्यांचा साबण आणि काथ्या किंवा मऊ स्पंज. लोखंडी तारेची घासणी बंद. तिचे बारीक कण चमच्यावर अडकतात आणि गंजतात. लोक म्हणतात चमचा गंजला, गंजलेली असते घासणी. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात निर्जंतुक करायला भिजवणं हेही बंद, ते क्लोरीनच आहे. उकळतं पाणी पाच मिनिटं पुरे.

तांबूस डाग आला तर घाबरू नका, आधी तो कुठला ते बघा. जांभ्याच्या भागात विहिरीच्या पाण्यात लोह असलं तर पाणी वाळून डाग पडतो, तो वरवरचा असतो. लिंबाची फोड दहा मिनिटं चोळून ठेवा, मग खाण्याचा सोडा ओल्या बोटावर घेऊन दांड्याच्या लांबीच्या दिशेने चोळा, धुवा, पुसा. गेला तर पाण्याचा. त्याच जागी आठवड्यात परत आला आणि नखाला खड्डा लागला तर चमच्याचा. मग तो चमचा कुंड्यांना माती घालायला.

पितळी चमचा कुणी सुचवायच्या आत सांगतो: कल्हई असेल तर ठीक, नसेल तर कोकम, चिंच, ताक याला लावू नका. आंबटाने तांबं सुटतं आणि चव कळकते.

मांजरपाट

पिशवीवर मी लिहिते, कारण चमचा चांगला घेऊन लोक तो जाड फोमच्या चेनवाल्या पाकिटात कोंडतात. फोम ओल धरतो, आणि धातूची चेन किनाऱ्यावर वर्षभरात अडकते. साधं सुती कापड घ्या, मांजरपाट किंवा जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा.

कापड आधी धुऊन वाळवा, मांजरपाट आटतं. मग ३८ सेंमी लांब, २६ सेंमी रुंद कापा. चारही बाजूंना १ सेंमी दुमडून टीप मारा, म्हणजे ३६ बाय २४ उरेल. खालची बाजू ११ सेंमी वर दुमडा, हा खिसा. एकूण उंची २५ सेंमी राहिली: चमचा १८, वरची झडप ७. आता खिशावर उभ्या टिपा. नियम असा की वस्तूच्या रुंदीत २ सेंमी मिळवायचे, कारण चमच्याला खोली असते. मोठ्या चमच्याला ६, काट्याला ५, छोट्या चमच्याला ५, स्ट्रॉ आणि ब्रशला ४. बेरीज २०. उरलेले ४ उजवीकडे मोकळे, गुंडाळायला. त्या कडेच्या मध्यावर ५० सेंमीची नाडी मधोमध दुमडून शिवा. चेन नको, बटण नको.

चमचा घालताना तोंड खाली, दांडा वर. म्हणजे काढताना हात दांड्यालाच लागतो. पावसात रोज पिशवीवर गरम इस्त्री दोनदा फिरवा, आणि आठवड्याला धुवा. चौघांना चार पिशव्या करा, एकीत चौघांचे भरले की गुंडाळी नारळाएवढी होते.

खाडीपलीकडे

चौघांचे चमचे वळखतलास कसे? भांड्यार नाव घालतत तसा नाव घालून घेवा.

भांडीआळी

हे उत्तम. मशीनने नाव कोरून देतात. फक्त दांड्याच्या पाठीवर, टोकाकडे घाला, तोंडाच्या भागात नको. कोरलेल्या जागी स्टीलचा थर हवेत आपोआप परत धरतो, पण आठ दिवस धुऊन कोरडं पुसायचं सोडू नका.

सडा_सावली

यादी अशी करतोय: प्रत्येकी १८ सेंमीचा ३०४ चा एक चमचा, ५ मिलीचा एक, १५० मिलीची वाटी, सुती रुमाल. काटे दोनच, स्ट्रॉ दोन आणि ब्रश एक. सुरी एक, रेल्वेनेच जाईल. आधी एकच चमचा आणून मिठाच्या पाण्याची परीक्षा.

एक शंका राहिली. रुमाल ओला झाला की त्याच पिशवीत ठेवायचा का?

मांजरपाट

नाही. रुमाल पिशवीच्या बाहेर, नाडीत अडकवा. बोटीवर तर तो एरवीही पाच मिनिटांत वाळतो. मात्र खाऱ्या वाऱ्यात वाळलेल्या रुमालाने चमचा पुसू नका, त्याला मीठ असतं. चमच्यासाठी दुसरा, आतला.